झडती गाण्याची नको, पुडीची घ्या

महोदय,

नोव्हेंबर 2024 मध्ये दिलजित दोसांझ यांच्या हैदराबादमधील कार्यक्रमाआधी तेलंगणा शासनाने त्यांना नोटीस पाठवली. दारू, अमली पदार्थ आणि हिंसेला उत्तेजन देणारी गाणी गाऊ नयेत, असे त्यांना बजावले गेले आणि त्यांनी शब्द बदलून गाणी म्हटली. त्याच महिन्यात पुण्यात कोथरूडला त्यांचा कार्यक्रम होता. तिथे आक्षेप निघाला तो कार्यक्रमस्थळी होणाऱ्या मद्यविक्रीवर, आणि उत्पादन शुल्क विभागाने दिलेला परवाना मागे घेतला. नशेच्या गाण्यांबद्दल गायकांना नैतिक दोष द्यावा का, या वादात मला पुण्यातला हा रोख अधिक योग्य वाटतो.

1980च्या दशकात गर्दचा, म्हणजे हेरॉइनच्या तपकिरी पुडीचा, विळखा मुंबई-पुण्याला पडला, तेव्हा माझा धाकटा भाऊ त्यात सापडला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, त्यावर तपकिरी पूड, खाली पेटती काडी आणि तोंडात नोटेची नळी, असा तो मला गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दिसला. त्याच्याकडच्या कॅसेटांत नशेचे एकही गाणे नव्हते, भीमसेन जोशींचे अभंग होते. पुढे त्याही विकल्या गेल्या. पहिली पुडी त्याला नाक्यावरच्या मित्राने फुकट दिली होती.

‘हरे रामा हरे कृष्णा’मधले ‘दम मारो दम’ आशा भोसले यांनी गायले, पण ते बोल काठमांडूत हिप्पींच्या घोळक्यात भरकटलेल्या बहिणीचे आहेत. त्या गाण्यापाठोपाठ तिचा भाऊ त्या घोळक्याला गाण्यातूनच खडसावतो आणि चित्रपट तिच्या मृत्यूपर्यंत जातो. वरातीत बँडवर तेच गाणे वाजते तेव्हा ती बहीण कोणाला आठवत नाही, हेही खरे. म्हणूनच ज्या गाण्यात नशा हा नुसता रुबाब असतो आणि तिची किंमत कोणीच मोजत नाही, त्या गाण्यावर समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी कडक टीका जरूर करावी. मात्र त्यावरून गायकाच्या चारित्र्याचा निवाडा करणे किंवा सरकारने शब्द कापायला बसणे मला मान्य नाही.

भावाला व्यसनमुक्ती केंद्रात नेले, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला तो कोणती गाणी ऐकतो हे विचारले नाही. माल कुठून आणतोस, पैसे कोण देतो आणि सोबत कोण असते, एवढेच त्यांनी विचारले.

– एक वाचक, पुणे