ओल्या वाळूतलं सोनं आणि ओहोटीची वेळ

संपादक महोदय,

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. विसर्जनाच्या गर्दीत कुणाच्या गळ्यातली साखळी तुटते, ओल्या बोटातून अंगठी निसटते, तर कधी मूर्तीच्या गळ्यातला हार काढायचाच राहून जातो. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, सगळीकडे हेच. पूर्वी दुसऱ्या दिवशी चाळण्या आणि दोरीला बांधलेली लोहचुंबकं घेतलेली माणसं तेवढी दिसत. चुंबकाला हल्लीची स्टीलची नाणी चिकटतात, सोनं नाही. आता त्यांच्या जोडीला ऑनलाइन मागवलेले मेटल डिटेक्टर आले आहेत. हे यंत्र गच्चीवर नाणं अचूक दाखवतं, कोरड्या वाळूतही दाखवतं. ओल्या वाळूवर गेलं की अखंड किंचाळत सुटतं आणि घरची मंडळी तासाभरात हताश होऊन परततात. यंत्र बिघडलेलं नसतं. ते खाऱ्या पाण्यालाच धातू समजत असतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते वीज वाहून नेतं. डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलतं चुंबकीय क्षेत्र वाळूत शिरतं, धातूमध्ये त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल टिपते. मिठाच्या पाण्यातही असेच क्षीण प्रवाह फिरतात. यंत्र प्रत्येक प्रतिसाद पडद्यावर एका आकड्याने दाखवतं. मिठाचा प्रतिसाद त्या आकड्यांच्या पट्टीवर नेमका तिथे पडतो, जिथे चॉकलेटची चांदी, बारीक कानातलं आणि पातळ सोनं असतं. गोंगाट थांबावा म्हणून लोक डिस्क्रिमिनेशन वाढवतात, म्हणजे पट्टीवरचे खालचे आकडे गाळून टाकतात. यंत्र शांत होतं खरं, पण जी वस्तू शोधायला आलो तीही त्यात गाळली जाते. ओल्या वाळूत लोखंड सोडून काहीही गाळू नये. आवाज फार होत असेल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, उतरवावी. खोली थोडी कमी होईल, पण सोनं हातचं जाणार नाही.

आपल्याकडच्या दागिन्यांची अडचण आणखी वेगळी आहे आणि परदेशी माहितीपुस्तिकांत ती सापडत नाही. डिटेक्टरला वजन कळत नाही, त्याला कळतं ते अखंड धातूचं कडं. दोन ग्रॅमची बंद अंगठी स्पष्ट वाजते. दहा ग्रॅमची नाजूक साखळी मात्र कधीकधी वाजतच नाही, कारण यंत्र प्रत्येक कडी सुटी धरतं आणि कड्यांच्या सांध्यातून प्रवाह नीट वाहत नाही. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, त्यांचा उपयोग शून्य. वाजतील त्या वाट्या, आणि त्याही लाख भरलेल्या पातळ पत्र्याच्या. नथीत बारीक तार आणि मोती, म्हणून ती सगळ्यात अवघड. जोडवी चांदीची असूनही अपेक्षेपेक्षा हळू वाजतात, कारण त्यांची टोकं उघडी असतात. साखळी हरवली असेल तर तिच्या फाशाचा किंवा पदकाचा बारीक, तुटक आवाज येईल अशा तयारीने शोधावं आणि तसा प्रत्येक आवाज खणून पाहावा. अशा आवाजांपैकी बहुतेक बाटलीची बुचं आणि चॉकलेटच्या चांदीचे कपटेच निघतील. त्याला इलाज नाही.

यंत्र निवडताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. पाण्यात चालणं आणि खाऱ्या पाण्यात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त यंत्रांत फक्त कॉइल भिजलेली चालते. वरची डबी एका लाटेत निकामी होते. एकाच फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ज्याचं चुंबकीय क्षेत्र एकाच ठरावीक वेगाने बदलतं अशा, चांगल्या यंत्रालाही, उदाहरणार्थ 15 किलोहर्ट्झवर चालणारा गॅरेट एटी प्रो, ओल्या खाऱ्या वाळूत फार जपून लावावं लागतं, जरी तो पाण्यात दहा फुटांपर्यंत नेता येत असला तरी. मायनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्ता लेजंडसारखी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यांचे प्रतिसाद ताडून पाहतात आणि मिठाचा भाग वजा करतात. आणखी एक जात म्हणजे पल्स इंडक्शन. ती झटका देते, काही मायक्रोसेकंद थांबते आणि मग ऐकते. तेवढ्यात मिठाचा प्रतिसाद विरून जातो, धातूचा उरतो. थांबण्याचा काळ साधारण 10 ते 15 मायक्रोसेकंद ठेवतात. त्याहून फार कमी केला तर मीठ पुन्हा बोलू लागतं, फार वाढवला तर पातळ सोनंही निसटतं. ही जात खोल पाहते, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक तिला जवळजवळ कळत नाही. मंडपांचे खिळे आणि मूर्तींच्या सांगाड्यांच्या सळया जिथे वाळूत विखुरलेल्या असतात, तिथे पल्स इंडक्शन घेऊन जाणं म्हणजे दिवसभर खिळे वेचणं. मुंबईच्या विसर्जनस्थळी अनेक फ्रिक्वेन्सीचंच यंत्र हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. फोन विमान मोडवर टाका. यंत्र ‘बीच’ मोडवर घ्या, कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट गाळणं) करा. मग ज्या ओल्या वाळूत शोधायचं तिच्यावरच कॉइल फूटभर उंचीवरून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वरखाली करत ग्राउंड बॅलन्स (वाळूचा स्वतःचा प्रतिसाद वजा करणं) घ्या. कोरड्या वाळूवर घेतलेला बॅलन्स इथे चालत नाही. सेन्सिटिव्हिटी मधोमध ठेवून सुरुवात करा. यानंतर एक परीक्षा जरूर घ्यावी. घरातली तशीच अंगठी नायलॉनच्या दोरीला घट्ट बांधून ओल्या वाळूत दहा, मग पंधरा सेंटिमीटरवर पुरा आणि कॉइल फिरवा. तो आवाज कानात बसला की पुढचे दोन तास वाया जात नाहीत. अंगठीएवढी वस्तू चांगलं यंत्र ओल्या वाळूत वीतभर खोल दाखवतं. त्याहून खोलीच्या जाहिरातींवर विसंबू नये.

चालायचं ते पाण्याच्या रेषेला समांतर. किनाऱ्याकडून पाण्याकडे गेलात तर पावलागणिक वाळूचा ओलावा बदलतो आणि यंत्र प्रत्येक वेळी खोटं बोलतं. कॉइल सपाट, वाळूला जवळजवळ टेकलेली. हात उचलला की टोकाला अर्धी खोली गेली. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. गुडघाभर पाण्यात कॉइल पूर्ण बुडालेलीच ठेवा, लाटेबरोबर आतबाहेर झाली की ती ओरडते. काळ्या रेतीच्या पट्ट्यांवरही वेग कमी करा: आपल्याकडचा खडक बेसाल्ट, त्याच्या झिजेतून आलेली ही जड, लोहयुक्त रेती यंत्राला गोंधळात टाकते. पण जड वस्तूही लाटांनी तिथेच आणून टाकलेल्या असतात, म्हणून ते पट्टे टाळू नका. कॉइलच्या कव्हरमध्ये ही रेती साचते आणि खोटे आवाज देते. कव्हर अधूनमधून काढून धुवावं.

खणायला साधं फावडं पाण्यात निरुपयोगी, खड्डा लगेच बुजतो. लांब दांड्याची, भोकं पाडलेली स्टीलची चाळणीसारखी स्कूप हवी. बाजारातल्या स्कूपची भोकं बऱ्याचदा दहा-बारा मिलिमीटरची असतात, त्यातून कुडी सरळ खाली पडते. सात-आठ मिलिमीटरच्या वर भोक नको.

आता वेळेविषयी, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची बाब. कोकणातला जुना हिशेब अनेकांना ठाऊक असेल: तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची साधारण वेळ मिळते. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात. भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सोयीची ओहोटी सकाळी अकराच्या आत. गौरी-गणपती जातात ते अष्टमी-नवमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत. तेव्हा पाणी फारसं मागे हटतच नाही. त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात पडलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही पाण्यातच राहील. ती उघडी पडण्याची शक्यता पुढच्या उधाणाला, पौर्णिमेच्या आगेमागे. अनंत चतुर्दशीनंतरची पौर्णिमेची पहाटेची ओहोटी मात्र चांगली खोल जाते, पाच-साडेपाचला, आणि सूर्य उगवल्यावर दीड तास तरी ओली वाळू उघडी राहते. (नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्याव्यात.) त्याच वेळी साफसफाईची यंत्रं आणि ट्रॅक्टर वाळूचा वरचा थर उचलून नेतात. अंगठी कचऱ्याबरोबर जाते, पुन्हा दिसत नाही. आणि उशीर परवडत नाही, कारण पावसाळ्यात खरवडलेली पुळण पावसाळा सरताना पुन्हा भरू लागते. हरवलेल्या वस्तूवर वाळू चढत जाते आणि ती यंत्राच्या टप्प्याबाहेर जाते.

ज्याची वस्तू हरवली त्याने तिथे पायांनी वाळू उकरू नये, त्याने ती खालीच जाते. जागेवर उभं राहून कोळी बांधव करतात तसं दोन दिशांना दोन-दोन खुणा एका रेषेत जुळवाव्यात, उदाहरणार्थ दिव्याचा खांब आणि त्यामागची इमारत. फोनवर फोटो घ्यावा, वेळ आणि पाणी कुठवर होतं ते लिहावं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखून दोन्ही दिशांनी शोधायला दोन माणसांना सकाळ पुरते. ‘इथेच कुठेतरी’ म्हणणाऱ्याला आठवडा पुरत नाही.

धोक्यांबद्दल थोडक्यात. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, एकट्याने तर नाहीच, आणि अक्सासारख्या ओढीच्या किनाऱ्यावर घोट्याच्या पुढे नाही. पाकट वाळूत दबून बसलेला असतो. पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की तो सरकून जातो. हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट हवेत, धनुर्वाताची सुई आधीच घेतलेली बरी. खड्डा बुजवूनच पुढे सरकावं, पहाटे किनाऱ्यावर माणसं धावतात. लोखंडी, जड, दंडगोल काही लागलं तर हात न लावता 112 वर कळवावं. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दारूगोळा होता. सोन्याच्या विटाही होत्या, म्हणून गोदीच्या बाजूला शोध घ्यायची कल्पना काहींना सुचते. तो भाग प्रतिबंधित आहे, तिथे जाऊ नये. वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरातही यंत्र नेऊ नये.

सापडलेलं सोनं शोधणाऱ्याचं होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 नुसार दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडे ठेवणं गुन्हा आहे, आणि करार कायद्याच्या कलम 71 नुसार ती सांभाळण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर येते. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा मिळाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विसर्जनस्थळी हरवलेल्या मुलांच्या घोषणाकक्षाशेजारीच हरवलेल्या दागिन्यांची वही ठेवावी: वस्तू, वेळ, खुणा, फोन. नोंद झालेल्या जागेभोवती दोरी लावून पुढची पहिली ओहोटी उलटेपर्यंत तिथे सफाईचं यंत्र फिरवू नये. त्या ओहोटीच्या दोनेक तासांत योग्य यंत्र असलेल्या दोघा-तिघांना पोलीस ठाण्याच्या चिठ्ठीवर शोधू द्यावं, आणि सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच वहीत नोंदवून पोलिसांकडे द्यावी. गौरी विसर्जनाच्या नोंदी तेवढ्या पौर्णिमेपर्यंत जपून ठेवाव्यात.

— किनाऱ्यावर शोधकाम करणारे काही वाचक, दादर (पश्चिम), मुंबई