गुड फ्रायडेच्या शुभेच्छा कसल्या?

महोदय,

गुरुवारच्या अंकात पहिल्याच पानावर आमच्या प्रभागातल्या एका पुढाऱ्याची जाहिरात पाहिली. गुरुवारी हनुमान जयंती, शुक्रवारी गुड फ्रायडे, म्हणून एकाच चौकटीत दोन्हींच्या ‘हार्दिक शुभेच्छा’. वधस्तंभावरच्या येशूभोवती झेंडूची महिरप. जाहिरात त्यांची असली तरी अंक आपला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

हा प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. ज्या घरी मयत झाली आहे, तिथे कोणी पेढे घेऊन जात नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. इथल्या वृत्तपत्राला एवढी साधी गोष्ट ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते.

माझ्या लहानपणी आई त्या दिवशी पांढरे लुगडे नेसायची. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना, येशूच्या वधस्तंभावरील शेवटच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलायचा. तीनपर्यंत घरात चूल पेटत नसे. नंतर पेटली तरी पिठलं-भाकरीपुरती. ते दिवस वर्षाचा मसाला कुटण्याचे. शेजारच्या काकूंचे उखळ आठवडाभर दणदणत असायचे, पण शुक्रवारी तीन वाजेपर्यंत त्या मिरचीला हात लावत नसत. त्यांना कोणी सांगायला गेले नव्हते. काकू कधी शाळेत गेल्या नाहीत, पण शेजारी आज काय आहे हे त्यांना कळत होते.

आता माझ्या घरचे सांगतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. नातू पुण्याला नोकरी करतो. शुक्रवारी सकाळी त्याने घरच्या ग्रुपवर आपलीच ती जाहिरात पाठवली, वर हात जोडलेले चित्र. मी फोन केला, तर म्हणाला, “आजोबा, पेपरमध्येच आलंय की!” यावर मी काय बोलणार? पूर्वी अशा दिवसांआधी आमच्या सौभाग्यवती मुला-नातवंडांना फोन करून उपास, उपासना यांची आठवण करून द्यायच्या. त्या गेल्यापासून ते काम माझ्याकडे आले आहे आणि माझ्या शब्दापेक्षा छापलेल्या शब्दाला वजन जास्त आहे. म्हणूनच आपण छापताना विचार करावा, एवढे मागतो.

शुभेच्छा द्यायच्याच तर ईस्टरला द्या. तो पुनरुत्थानाचा दिवस. आम्ही त्या मनापासून घेऊ. पण ईस्टर कोणाच्या लक्षातच नसतो. २०२४ साली तो ३१ मार्चला आला, तेव्हा आर्थिक वर्षाची अखेर म्हणून रविवार असूनही सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँका उघड्या ठेवायला लावल्या. माझी मुलगी पहाटेची उपासना आटोपून तशीच कामावर गेली. दुपारी जेवायला तिचे ताट रिकामेच राहिले. आपल्या अंकात बँका सुरू असल्याची बातमी ठळक होती. त्या दिवशी ईस्टर आहे, याचा उल्लेखही नव्हता.

आणखी एक. आमच्या चर्चच्या बारा वाजताच्या उपासनेची सूचना मी सोमवारीच आपल्या कचेरीत लेखी दिली होती. शुक्रवारच्या ‘शहरात आज’ सदरात ती आली नाही. नाताळच्या सूचनेचेही असेच झाले होते. चार ओळींना जागा नसेल तर तसे तोंडावर सांगावे. आणि यापुढे सूचना घेताना निदान पोच द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर