आधी गहू पडू दे पिशवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात किसननगरात रेशनच्या रांगेत होतो. पुढे धुणीभांडी करणाऱ्या एक ताई. यंत्रावर त्यांचा अंगठा उठेना (घासून घासून रेषाच पुसट झालेल्या). "दादा, बघा ना अजून एकदा," दुकानदाराला त्यांची काकुळत चाललेली. मी मागून म्हटलं, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो हक्काचं आहे, एवढी विनवणी कशाला? त्या म्हणाल्या, "काका, हक्काचं नंतर बघू, आधी गहू पडू दे पिशवीत."

मी गप्प झालो. पण हे 'नंतर बघू' हुकूमशहांच्या फार कामाचं असतं.

व्हेनेझुएलात २०१६ पासून सत्ताधाऱ्यांच्या वस्तीसमित्या घरोघर अन्नाची खोकी देऊ लागल्या. पुढच्या वर्षी सरकारी मदतीसाठीचं 'मायभूमी कार्ड' आलं. मे २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांजवळ पक्षाचे लाल मांडव होते. मत देऊन आल्यावर बक्षिसाच्या आशेनं लोक तिथे कार्ड दाखवत. मत कुणाला दिलं ते कार्डावर उमटत नव्हतं; पण चूलच त्या खोक्यावर पेटत असेल तर विरोधात मत द्यायची जोखीम कोण घेणार?

आपणही नाकं मुरडू नयेत. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. दिल्लीत झोपडी पाडलेल्यांकडून भूखंडासाठी नसबंदीचा दाखला मागितला गेला. अधिकाऱ्यांना नसबंद्यांचा कोटा भरायचा तर ज्याच्याकडे द्यायला दुसरं काहीच नाही, तोच आधी सापडतो. आणि दाद मागायची कुठं? एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच स्थानबद्धांना दार बंद केलं होतं.

गरिबाला आधी भाकरी, मग भाषणस्वातंत्र्य, असं आमच्या कट्ट्यावरची मंडळी ठासून सांगतात. मला पटत नाही. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात अधिकारी भरघोस पिकाचे खोटे आकडे वर धाडत राहिले, खरं बोलायची सोय नव्हती, आणि कोट्यवधी माणसं उपाशी मेली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात वर्तमानपत्रांनी लिहिलं, बायांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, दुष्काळी कामं निघाली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाही झाला. ती भाकरी बोंब मारता आली म्हणून मिळाली.

त्या ताईंचा अंगठा चौथ्या खेपेला उठला. गहू काही दुकानदाराच्या घरचा नव्हता. काडेपेटीवर कर भरणाऱ्या त्या ताईंचाही त्यात वाटा होता. तरी निघताना पिशवी खाली ठेवून त्यांनी त्याला दोन्ही हात जोडले.

— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे (प.)