क्षयाच्या गोळ्या आणि उघडत नसलेली खिडकी

महोदय,

मी गोवंडीत बारा वर्षे आरोग्य सेविका आहे. माझ्या रजिस्टरमध्ये क्षयरुग्णाचे वय, वजन, थुंकीचा रिपोर्ट यांचे रकाने आहेत. घरात ऊन येते का, हा रकाना नाही.

गेल्या महिन्यात एका पुनर्वसन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेले. दुपारचे बारा वाजले होते, तरी ट्यूब चालू. खिडकी अर्धीच उघडते, कारण समोर लगेच दुसऱ्या इमारतीची भिंत. एकोणीस वर्षांची मुलगी गोळ्या घेत होती. तिच्या भावाचा कोर्स आदल्याच वर्षी पूर्ण झालेला. पाच माणसे, एक खोली. तिची आई म्हणाली, ‘ताई, गोळी वेळेवर देते, पण वास आला तरी खिडकी उघडून उपयोग काय?’

डॉक्टरांना जंतू दिसतो आणि ते बरोबरच आहे, औषधाशिवाय ही मुलगी वाचणार नाही. पण तो याच गल्लीत का फिरतो, हा समाजशास्त्राचा प्रश्नही तितकाच वैद्यकीय आहे. आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, त्यात सामाजिक स्वास्थ्यही येते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत 1948 पासून आहे. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यातला नवा क्षय सुमारे 39 टक्क्यांनी घटला. हे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिना 1000 रुपये मिळतात. घरच्यांनाही शिधा द्या. आणि इमारतींचे नकाशे मंजूर करताना आरोग्य खात्याची सही सक्तीची करा.

– एक आरोग्य सेविका, गोवंडी, मुंबई