आम्ही ‘हिंदी भाषक’ कधी झालो?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं ‘यवतमाळ कोणाचं?’ हे पान मी सोमवारी दुपारी वाचलं. रविवारचा अंक आमच्या फाट्यावर सोमवारीच येतो. का, ते शेवटी सांगतो. आधी शहरातल्या भाषांच्या त्या रंगीत वर्तुळाचं बघू.

वर्तुळ देखणं काढलंय, त्यात वाद नाही. मराठी भगवं, उर्दू हिरवं, हिंदी निळं आणि उरल्यासुरल्यांसाठी राखाडी फाक, तिच्यावर लिहिलंय ‘इतर’. निळी फाक बघून आपल्या प्रतिनिधींच्या पोटात गोळा आलेला दिसतो. नाहीतर ‘परप्रांतीयांचा वाढता टक्का’ असं उपशीर्षक कोण देईल?

साहेब, त्या निळ्या फाकेत मी बसलोय. मी बंजारा, माझा तांडा दिग्रस तालुक्यात आहे. आजा, पणजा ह्याच मातीत गेले. उत्तर प्रदेश मी आयुष्यात एकदाच पाहिला, काशीला गेलो तेव्हा. चार दिवस होतो, त्यातले दोन दिवस पोट बिघडलेलं.

जनगणनेत ‘बंजारी’ आणि ‘लमाणी’ ह्या मातृभाषा हिंदीच्या पोटात घालून मोजतात, एवढं तरी पान लावण्याआधी कोणाला विचारायचं. २०११ च्या देशभरच्या तक्त्यात लमाणी ३२ लाखांवर आहेत, बंजारी १५ लाखांवर. बोली एकच, आम्ही तिला गोरमाटी म्हणतो. ज्याने जे नाव सांगितलं त्या नावाखाली तो गेला, आणि पुढे दोन्ही नावं हिंदीच्या बेरजेत. भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा पन्नासाहून अधिक मातृभाषा त्या एका शब्दाखाली आहेत. तुम्ही ती बेरीज उचलली आणि तिच्यावर रेल्वेने आलेला बिहारी मजूर काढलात. ह्या हिशेबाने पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईकसुद्धा तुमच्या निळ्या फाकेतले परप्रांतीय ठरतात. अकरा वर्षांवर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते म्हणे. १ जुलैला कृषी दिनाची जाहिरात छापताना हे लक्षात असू द्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार, सरकारी आकडाच तसा आहे. आकडा कसा तयार होतो ते मी जवळून पाहिलंय, म्हणून तर लिहायला बसलो.

फेब्रुवारी २०११. मी यवतमाळला लागून असलेल्या वाघापूरला मुलाकडे होतो, याडीला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला नेलं होतं. याडी म्हणजे आई. तेव्हा ती ऐंशीच्या पुढची, फेटिया-काचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, शेवटपर्यंत सोडली नाही. जनगणनेच्या प्रगणक बाई आल्या, तरुण शिक्षिका होत्या. उन्हातून आलेल्या, म्हणून सुनेने आधी पाणी दिलं. नाव, वय, धर्म सगळं नीट लिहिलं. दहावा रकाना मातृभाषेचा. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती, असं त्यांच्या पुस्तिकेतच असतं, आणि सांगणारा सांगेल तेच लिहायचं असतं. इथे तर माझी आईच समोर खाटेवर बसलेली. बाईंनी विचारलं काय, तर ‘‘आजी, मराठी येते ना?’’

याडी म्हणाली, ‘‘येते न माय, बजारापुरती.’’

बाईंनी अडनाव पाहिलं, राठोड, आणि लिहिलं ‘हिंदी’. मी उठून म्हटलं, बाई, ‘गोरमाटी’ लिहा, आणि मराठी अकराव्या रकान्यात घ्या, तो त्याच्यासाठीच असतो. त्या गांगरल्या. त्यांनी पर्यवेक्षकांना फोन लावला. पलीकडून आवाज स्पष्ट ऐकू येत होता : ‘‘काय लिहायचं ते लिहा हो, वर गेल्यावर सगळं हिंदीतच जाते.’’

राग ह्याचा, की तो माणूस खोटं बोलत नव्हता.

माझी सख्खी बहीण जाधवांकडे दिलेली. तिच्या घरी ‘जाधव’ पाहून न विचारता मराठी लिहिलं. पवार, चव्हाण, जाधव असाल तर मराठी, राठोड असाल तर हिंदी. एकाच याडीची दोन लेकरं, एक भगव्या फाकेत, एक निळ्या. आणि याडीला हिंदी किती येत होती? सिनेमाची गाणीसुद्धा नाही.

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. पण बाईंना नावं ठेवली तर हेही सांगावं लागेल. मी स्वतः प्राथमिक शिक्षक होतो, आणि १९९१ ला प्रगणक होतो. केळापूर तालुक्यात कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, मला पाठवलं होतं. वीस-बावीस घरं, माणसं काही वेचणीला गेलेली, काही जंगलात. ज्या म्हाताऱ्याच्या अंगणात बसलो त्याने मला बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसला. मी भाषा विचारली. त्याने काहीतरी सांगितलं, मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, हसून. पांढरकवड्याची शेवटची गाडी साडेपाचला होती. मी पहिल्या घराला ‘मराठी’ लिहिलं आणि खाली सगळ्या पोडाला ‘—’—’ अशा खुणा ओढत गेलो. तो हात माझाच.

पुढे कळलं की कोलामी ही द्राविडी भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, ती जवळ आहे ती गोंडी-तेलुगूच्या. म्हातारा बहुधा आपल्या भाषेचं नावच सांगत होता. २०११ ला देशात कोलामी बोलणारे मोजले ते १ लाख २८ हजार. एवढ्या लहान भाषेतून शंभरेक माणसं मी एका संध्याकाळी गाडी चुकू नये म्हणून कमी केली. तुमच्या वर्तुळात कोलामांना राखाडी फाकही नीट मिळालेली नाही, त्यात माझाही वाटा आहे. म्हणून पर्यवेक्षकावर मी फार ओरडू शकलो नाही त्या दिवशी. बाईंना चहा मात्र पाजला.

आणि मुळात ‘यवतमाळ’ म्हणून तुम्ही मोजलं काय? १ लाख १६ हजारांचा जो आकडा छापलाय तो जुन्या नगरपालिका हद्दीचा. वाघापूर, लोहारा, उमरसरा, वडगाव तेव्हा हद्दीबाहेर होते. पोरांच्या शिक्षणासाठी तांडे सोडून आलेले आमचे लोक घरं बांधतात ती तिथेच, कारण आत प्लॉट परवडत नाही. म्हणजे माझी याडी तुमच्या शहरात हिंदी म्हणूनसुद्धा नव्हती. आणि फेब्रुवारीत अर्धा तांडा ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गवंड्याच्या हाताखाली गेलेला असतो. दाराला कुलूप असेल तर प्रगणक कोणाला विचारणार? कोंबड्यांना?

जातीच्या तक्त्यावर मी बोलणार नाही म्हटलं होतं, पण एक वाक्य. २०११ ला रकाने दोनच, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. आम्ही महाराष्ट्रात विमुक्त जातीत, म्हणजे त्या दोन्हींत नाही. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेलं की माझी आत्तेभावंडं अनुसूचित जमातीत. कर्नाटकातले आमचे लोक अनुसूचित जातीत. नदी तीच, लग्नात गाणी तीच. कोण चूक कोण बरोबर हा वाद मला इथे काढायचा नाही, आदिवासी बांधवांचं म्हणणंही मी ऐकून आहे. पण तुम्ही आम्हाला ‘सर्वसाधारण व इतर’ असं एका ओळीत उरकलंत, तेव्हा हसू आलं. ‘सर्वसाधारण’! आमच्या तांड्याला पक्का रस्ता अजून नाही.

२०२७ च्या गणतीत जात विचारणार आहेत. विचारतील तेव्हा विचारतील. भाषा तर आताही विचारायचीच असते, ती विचारत नाहीत, अडनावावरून लिहितात. तुमच्या प्रतिनिधींनी एकदा दारव्हा रोडने बाहेर पडून चार घरी विचारलं असतं तरी हे पान असं छापलं गेलं नसतं.

फोटोबद्दल. ‘जिल्ह्यातील बंजारा महिला’ म्हणून जो छापलाय तो राजस्थानी नर्तकीचा आहे. काळा घेरदार घागरा, मागे वाळूची टेकडी. यवतमाळ जिल्ह्यात वाळूची टेकडी फक्त घाटावर चोरीचे ट्रॅक्टर भरतात तिथे असते. सुनेने फोटो पाहिला आणि विचारलं, ‘‘बापू, ही कोणत्या तांड्याची?’’ काय सांगू?

आता अंकाचं. रविवारी सकाळची गाडी चार महिन्यांपासून बंद आहे, गठ्ठा तालुक्यालाच पडून राहतो. वर्गणी आम्ही सात दिवसांची भरतो. सोमवारी दोन अंक एकदम हातात पडतात आणि शब्दकोड्याचं उत्तर कोड्याच्या आधी वाचायला मिळतं. आपल्या वितरण विभागाला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

हे पत्र लांबलं, ठाऊक आहे. मागच्या वेळी आपण माझं पत्र कापून चार ओळींचं केलं होतं, त्यात माझं म्हणणं उलटं झालं. ह्या वेळी जागा कमी पडली तर फोटोचं काढा, गाडीचं काढा, याडीचंही काढलं तरी चालेल. पोडाचं काढू नका.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ