लिंबाचं पान पिवळं का पडलं

ती. आई-बाबांस, सा. न.

आधी कबूल करते, मग रागवा. दिवाळीत बाबा दुपारी पडले होते, तेव्हा लिंबाभोवतीची माती मी चोरली. चार ठिकाणी वीतभर खोल उकरून, मिसळून अर्धा किलो पिशवीत भरली आणि कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात देऊन आले. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "माझ्या मातीला काय धाड भरलीय?"

रिपोर्ट आलाय. सामू (pH) 8.4, म्हणजे आंबटाच्या उलट, आणि चुनखडी भरपूर. म्हणजे चूक माझीच. चुन्याची निवळी घाला, चुलीतली राख टाका, हे फोनवरून मीच सांगत होते ना! इथे चिपळूणला जांभ्याची तांबडी माती, पावसानं धुऊन आंबट झालेली. तिला चुना मानवतो. आपली कृष्णाकाठची काळी. तिच्यात चुना मुळातच जास्त, म्हणून लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आई, पान हातात धरून तू म्हणालीस, "कावीळ झालीय गं ह्याला," तेव्हाच पोटात कालवलं होतं. सोळा वर्षांत मी माहेरची माती विसरले.

आणखी एक. नर्सरीतल्या माळीदादांना दर रविवारी यायला सांगितलंय, तीन महिन्यांचे पैसेही दिलेत. बाबा, तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे हं. तुमच्यासारखं आळं कुणाला करता येतं? पण गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत. तुम्ही खुर्ची टाकून बसा, चहा घ्या, ते चुकले की ओरडा. डालड्याच्या डब्याला भोकं पाडून मला झारी केली होतीत, आठवतं? झाडापेक्षा माझेच पाय भिजायचे आणि तुम्ही म्हणायचात, "भिजू दे, तीही वाढतेय."

आता नीट ऐका. राख बंद, अंड्याची टरफलं बंद. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (त्यातच लोह असतं) आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, फवारणी संध्याकाळीच, आणि ती माळीदादा करतील. कुदळ मी माळ्यावर टाकलीय, शोधू नका. अडलं तर कांचनपूरला विचारा. मला नको, मोबाईलवरच्या त्या केरळवाल्यालाही नको.

लोणच्याची काळजी करू नकोस आई, माझ्याकडची बरणी पाठवते. जुनी पानं बघत बसू नका. नवं फुटलं की त्याचा रंग तेवढा फोनवर सांगा.

तुमची,
बेबी