गार इंजिन आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा हिशेब

ती. काका,
सा. न. वि. वि.

जुनी मोटरसायकल पारखून घेऊन दिलीत त्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा टाक’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

एकेचाळिसाव्या वर्षी मी क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची लांबट मोटरसायकल, घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरात दोन दिवस हशा चालला होता. तुम्ही हसला नाहीत. ‘लायसन्स दाखव आधी,’ म्हणालात. निघालं विनागिअरचं! पंधरा वर्षं स्कूटी दामटली, पण त्या कार्डावर काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. मग गिअरचं लर्निंग काढायला लावलंत. पक्क्या लायसन्सची टेस्ट द्यायला तीस दिवस थांबावं लागतं. ते तीस दिवस पुतण्याच्या गाडीवर माझ्याकडून क्लच सोडण्याचा सराव करून घेतलात. तोवर एकही गाडी बघायला जायचं नाही, असा दमही दिलात.

अ‍ॅव्हेंजरच का, हे मात्र तुम्हाला सांगावं लागलं नाही. माझी उंची पाच फूट. बुलेटवर बसले की टाचा अधांतरी. अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट बरीच खाली, दोन्ही तळवे सपाट टेकतात. ‘एलिमिनेटरचा वंश आहे,’ असं तुम्ही कौतुकाने म्हणालात. बजाज-कावासाकीची ती एलिमिनेटर बंद झाल्यावर २००५ मध्ये पहिली अ‍ॅव्हेंजर आली आणि २०१० मध्ये २२० सीसीची, हे मला तेव्हाच कळलं. नवी का घेत नाहीस, असं सगळे विचारत होते. तुमचं म्हणणं, शिकायची गाडी जुनी असावी, आपटली तर जीव हळहळत नाही.

कराडची ती काळी गाडी आठवते? टाकीवर पॉलिश, सीटकव्हर कोरं. मी मनातल्या मनात ती घेऊन घरीसुद्धा पोचले होते. तुम्ही किल्ली घेतलीच नाहीत. उलटा हात इंजिनाजवळ नेलात आणि मागे घेतलात. ‘गरम आहे.’ विकणारा म्हणाला, आत्ताच एक चक्कर मारली. ‘मग आम्हीपण मारून येतो,’ म्हणून मला स्टँडसमोर मिसळ खायला नेलंत. दोन तासांनी परत आलो. इंजिन गार झालेलं, आणि आता गाडी सुरू होईना. झाली तेव्हा मागून निळसर धूर. ऑइल जळतंय, रिंगा तरी गेल्यात नाहीतर व्हॉल्व्हची सीलं, असं तुम्ही सांगितलंत, तेही बाहेर पडल्यावर. त्या माणसाला तुम्ही काही बोलला नाहीत, मला त्याचा तेव्हा राग आला होता.

वाईची गाडी धुळीने माखलेली होती. २०१२ ची, एमएच ११. इंजिन गार. चोक ओढला, तिसऱ्या स्टार्टला सुरू झाली. मला वाटलं आता घ्यायची. पण तुमची तपासणी तर तिथून पुढे सुरू झाली. पुढचं चाक उचलून धरायला लावलंत आणि हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलंत. ‘आता तू कर. डोळे मीट.’ डोळे मिटल्यावर लागला हाताला! अगदी मधोमध, बारीकसा खटका. हँडल तिथे जरा बसल्यासारखं होत होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. मागची चेन बोटाने ओढली तर स्प्रॉकेटपासून, म्हणजे तिच्या दातेरी चाकापासून, सुटून वर आली आणि दात विळ्यासारखे एका अंगाला झुकलेले दिसले. मागच्या टायरची नक्षी छान होती, पण तुम्ही कडेचा आकडा वाचायला लावलात: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ‘हा टायर तुझ्या भाचीपेक्षा मोठा आहे.’

खिशातली लग्नपत्रिका उलटी करून तुम्ही हिशेब मांडलात. चेनसेट, टायर, कोनसेट, बॅटरी, मजुरी. पत्रिका मालकासमोर ठेवलीत आणि गप्प बसलात. पंचेचाळीस हजारांची गाडी चौतीसला आली. ती पत्रिका मी जपून ठेवलीय. नवरानवरीला कल्पना नसेल.

कागदांबद्दल लोक कंटाळतात, म्हणून थोडक्यात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कर्जाचा बोजा तसाच होता. मालकाने हप्ते कधीच फेडलेले, पण उतरवायचा राहून गेलेला. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय एक हजार बयाण्याच्या वर दमडी द्यायची नाही, हे तुम्ही ठणकावलंत. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासलीत आणि उमटलेला नंबर आरसीशी जुळवलात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा माझ्या नावावर करायला लावलात. आरसी २०२७ पर्यंत आहे, मग नूतनीकरण आणि जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, हेही त्याच पत्रिकेवर खाली लिहून दिलंत.

आणि ती गोणपाटं. गाडी घरी आली, आणि माझी पहिली फेरी व्हायच्या आधीच तुम्ही सोसायटीच्या मागे जुनी गोणपाटं अंथरून, पेट्रोलचा कॉक बंद करून ती आडवी केलीत. दीडशे किलोंहून जास्त वजन! सगळ्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. ‘पडणारच आहे कधीतरी. उचल.’ पाठ गाडीकडे, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, कंबर सरळ आणि जोर मांड्यांचा. तिसऱ्या वेळी उभी राहिली. तुम्ही बोटसुद्धा लावलं नाहीत. मला वाटतं एस. टी. च्या वर्कशॉपमध्येही नव्या पोरांना तुम्ही असंच रडवलं असणार.

दोन महिन्यांनी एका पंपाच्या उतारावर ती खरंच आडवी झाली. शिट्ट्या वाजल्या, दोघं मदतीला धावले. ते पोचेपर्यंत मी ती उभी केली होती. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

रविवारी यवतेश्वरच्या घाटाने कासला जायचंय, मागच्या सीटवर तुम्ही. सकाळी सहाला खाली या. हात लावून बघेपर्यंत सुरू करत नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची